टाकीच्या तोंडावर

१

तिचा नवरा टाकीत उतरायचा. पाण्याच्या नव्हे, रुळांवरून पेट्रोल वाहून नेणाऱ्या टाकीत. लांबोळक्या, गोल पोटाच्या त्या टाक्या रिकाम्या झाल्या, वाफेने धुऊन निघाल्या, की वरच्या तोंडातून हा आत शिरायचा. यंत्र लावून पत्र्याची जाडी बघायचा, सांधे चाचपायचा आणि पितळी हातोडीने ठोकून कान लावायचा. पितळी अशासाठी, की लोखंडावर लोखंड आपटलं तर ठिणगी पडते. यार्डात त्याला तपासनीसच म्हणत.

धुतलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ मागे राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. माणसाला गोड गुंगी येते, तो जरा टेकतो, आणि टेकला की उठत नाही. म्हणून तिथला नियम असा, की आत एक आणि तोंडावर एक. तोंडावरच्याने सारखं विचारायचं, "आहेस ना?" आतल्याने म्हणायचं, "आहे." उत्तर आलं नाही की विचार करत बसायचं नाही, कमरेची दोरी ओढायची.

हे "आहे" त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की घरीसुद्धा सुटायचं नाही. तो न्हाणीत असला आणि हिने "अहो, आहात ना?" म्हटलं, की आतून लगेच, "आहे." गाढ झोपेतही, "आहे." लग्नाच्या नवलाईत ती यावर पोट धरधरून हसली होती. पुढे मुलगी झाली आणि हिच्या जिवाला नसता घोर लागला. नव्या नियमांनी यार्डातलं कामही वाढवून ठेवलं होतं. टाकीच्या दोन्ही टोकांना जाड ढाल हवी, उलटली तरी सांडणार नाही अशी झडप हवी, पातळ पत्र्याची एकही टाकी पुढे जाता कामा नये. एकेका जुन्या टाकीत उतरून बघायचं होतं. मग ही दिवसातून कितीदा तरी उगीचच विचारायची, "अहो, आहात ना?" तो कधी वैतागला नाही. अंगावर सोनं नव्हतं तिच्या, पण हे एक उत्तर होतं, आणि ते फक्त तिचं होतं.

एका संध्याकाळी ते आलं नाही.

२

तो नेहमीच्या वेळेला आला, चपला काढल्या, न्हाणीत गेला. ती पोरीला भरवत होती. तिथूनच तिने विचारलं, "अहो, आहात ना?"

नळ वाहत होता. तिने आवाज चढवून पुन्हा विचारलं. नळ बंद झाला, कडी निघाली, आणि तो टॉवेलने कान पुसत येऊन समोर उभा राहिला.

"हाक मारली मी," ती म्हणाली.

"ऐकली."

"मग?"

"मग काय? आलो ना बाहेर."

चुकीचं काय होतं त्यात? माणूस धडधाकट डोळ्यांसमोर उभा होता. तरी चपलेत खडा जावा तसं तिला सारखं टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचे कपडे धुवायला घेतले. सगळे सुती, कारण यार्डात दुसरं कापड चालत नाही. त्या कपड्यांचा पेट्रोलचा वास साबणाच्या बापालाही जुमानायचा नाही. ती त्याच्या नावाने खडे फोडायची, आणि तो कामाला गेला की त्याची उशी हळूच नाकाशी धरायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही.

सदरा पाण्यात बुडवता बुडवता ती थांबली. नाकाशी नेला. वास नव्हता. पेट्रोलचा नाही, घामाचा नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या कापडालाही दुकानाचा म्हणून काही वास असतो. याला तोसुद्धा नव्हता.

ती तशीच बसून राहिली, गुडघ्यावर ओला सदरा घेऊन. टाकीत राबणारा माणूस असा घरी कसा येईल? मधे कुठेतरी थांबत असेल. तिथे आंघोळ करत असेल. तिथे कुणीतरी त्याचे कपडे धुऊन, वाळवून देत असेल.

कोण?

३

मोठी नणंद शेजारच्याच खोलीत राहायची आणि शिलाई करायची. ती म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी.

"ताई, तुमच्या भावाच्या कपड्यांना वास येत नाही हल्ली."

मशीनचं चाक थांबलं. "लोकांच्या बायका वास येतो म्हणून रडतात गं."

"चेष्टा नका ना करू."

"मग काय करू? नवऱ्याचे कपडे हुंगत बसतेस, मांजर आहेस का तू?" पण नणंदेने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याच्या टाकीच्या तोंडावर कोण असतं आता?"

"ती मीटरवाली."

नणंदेने दाताने दोरा तोडला. "हं," म्हणाली.

फक्त "हं". पण त्या एका हुंकाराने हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीटरवाली म्हणजे टाकीत वाफ किती उरलीय ते मोजणारी बाई. हिने तिला एकदाच पाहिलं होतं. चांगली उंच, खांद्याने भक्कम, मोकळ्या गळ्याने बोलणारी. दिवसभर ती बाई त्या गोल तोंडावर ओणवी होऊन माझ्या नवऱ्याला विचारते, आहेस ना? आणि हा दिवसभर तिला सांगतो, आहे. तिला देता देताच संपत असेल सगळं. घरी आणायला काय उरणार?

त्यानंतर ती त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला लागली. धरून ठेवावं असं मात्र काही सापडेना. तो वेळेवर यायचा, वाढलेलं मुकाट्याने संपवायचा, फोनला हातही लावायचा नाही. तिने हाक मारली की उत्तर द्यायचा नाही, नुसता येऊन उभा राहायचा. एकदा तिने पोरीला निजवताना उशीत तोंड खुपसून, स्वतःलाही जेमतेम ऐकू जाईल असं म्हणून पाहिलं. तो बाहेर शेजाऱ्याशी बोलत उभा होता. बोलणं अर्धं टाकून तो आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तू सांग."

आणि पोरगी? बाप दिसला की पूर्वी दोन्ही हात पसरायची. आता ती त्याच्याकडे एकदा बघायची आणि मग मान वाकडी करून त्याच्या मागच्या दाराकडे. जणू अजून कुणीतरी आत यायचं राहिलं होतं. दार लावलं की रडायची.

४

शेवटी एका दुपारी तिने पोरीला नणंदेकडे दिलं आणि त्याचं जेवण घेऊन यार्डाची वाट धरली. जेवण निमित्ताला होतं. तिला त्या दोघांना एकत्र बघायचं होतं. बघून काय करणार, ते तिलाही माहीत नव्हतं.

फाटकावरचे काका घरोब्याचे. त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला, चपलांना खिळे आहेत का पाहिलं. "काडेपेटी, लायटर, ठिणगी पडेल असं काही?"

"डोक्यात आहे तेवढीच."

"ती आमच्या नियमात बसत नाही," काका हसले. "जा. जेवायची सुट्टी झालीय. सगळे छपरीत असतील."

छपरीत मीटरवाली एकटीच एका बाकावर जेवत होती. हिला बघून ती सरकली, जागा करून दिली. "तपासनिसाची बायको ना तू? ये, बस. बरं झालं आलीस. तुझ्या नवऱ्याला झालंय तरी काय?"

हिला वाटलं होतं, बाई कावरीबावरी होईल. "तुम्हालाच ठाऊक असेल," ही तुटकपणे म्हणाली. "दिवसभर तुमच्याशीच तर बोलतो."

"माझ्याशी?" मीटरवालीने घास खाली ठेवला. "अगं, किती दिवस झाले, तो आत उतरतच नाही. बाहेरूनच ठोकतो आणि दुसऱ्या तपासनिसाला आत पाठवतो. शेवटचा उतरला तो त्या पलीकडच्या रुळावरच्या टाकीत. मी हाक दिली, उत्तर नाही. पुन्हा दिली, नाही. दोरीला हात घालते तोच हा शिडीवरून वर. म्हटलं, बाबा, बोलायला काय धाड भरली होती? तर कसा बघितला माझ्याकडे, आणि म्हणाला..."

"आलो ना बाहेर," ही म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

हिच्या मनात दुसरंच चक्र फिरायला लागलं होतं. ही बाई खोटं बोलणारी दिसत नव्हती. म्हणजे ही नव्हेच. पण तो टाकीत उतरत नाही, छपरीत जेवायला येत नाही, तर सुट्टीत असतो कुठे? कुणाजवळ?

"पलीकडचा रूळ म्हणजे कुठला?" तिने विचारलं.

५

ती टाकी रांगेच्या शेवटी एकटी उभी होती. दोन्ही टोकांना नव्या ढाली बसवलेल्या, पोटावर पास झाल्याचा ताजा पांढरा रंग. वरचं झाकण उघडं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. उन्हात खडी चमकत होती.

टक्. टक् टक्.

पितळेचा आवाज. आतून. तिने तो घरी खूपदा ऐकला होता. सवयीने तो पाण्याच्या पिंपावरही बोटाच्या पेराने तसंच वाजवायचा.

ती शिडीपाशी गेली. शिडीच्या बाजूला एक आकडा असतो. आत उतरणारा आपला पितळी बिल्ला त्यावर अडकवतो, वर आला की काढून घेतो. बिल्ला लटकत असेल तोवर झाकण लावायचं नाही. आकडा रिकामा होता. म्हणजे चोरून उतरलाय, तिच्या मनात आलं. ती चपला खाली काढून, पदर खोचून वर चढली. तोंडाजवळ पोचते न पोचते तोच आतून त्याचा आवाज आला.

"आहे."

ती जागच्या जागी थिजली. तिने तर हाक मारली नव्हती.

"आहे गं. जाणार कुठे?" आवाज गोल फिरून वर येत होता. मग दुसऱ्या कुणाचं बोलणं ऐकावं, तसा तो थांबला होता. "हळू बोल. पोर उठेल."

पोर! बाईच नव्हे, तिथे पोरही होतं.

आत तो हसला. ते हसू तिने किती दिवसांत ऐकलं नव्हतं. "नाही जात वास," तो म्हणाला. "राहू दे. तुला आवडतो ना. ठाऊक आहे मला."

हे तिने कधीच त्याला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणी सांगितलं असणार. दुसऱ्या कुणाला त्याचा वास आवडत होता आणि ते त्या दुसरीने धीटपणे त्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

ती ओणवी झाली. आतून पेट्रोलचा, घामाचा, उशीचा वास एकदम तोंडावर आला, इतका की डोळे झोंबले. खाली काळोख. तिच्या डोक्यामागून पडलेला उन्हाचा एक गोल टाकीच्या तळावर, आणि त्या गोलात कडेने आलेला एक हात. कोपरावर तिनेच लावलेलं ठिगळ. हाताची बोटं हळूहळू हवेत चाचपडत होती, कुणाचा तरी चेहरा शोधावा तशी.

"आज येतो," तो म्हणाला. इतक्या मायेने तो हिच्याशी कधी बोलला होता का? "तू हाक मारत राहा. आवाजाच्या मागे मागे येतो."

तिला पुढचं काही दिसलं नाही. तिने झाकण दोन्ही हातांनी ओढलं आणि खाली टाकलं. कडेचे बोल्ट एकेक करून आडवे पाडले, त्यांच्या माथ्यावरची आवळायची चाकं हाताची सालं जाईपर्यंत फिरवली. आतून झाकणावर टक् टक् झालं. घाईचं नव्हतं, ओळखीच्या घराचं दार वाजवावं तसं.

"राहा तिथेच," ती दात आवळून म्हणाली. "तिच्याजवळच राहा."

६

ती शिडीवरून उतरून वळली, आणि तिचा नवरा तिथे उभा होता.

रुळाच्या कडेला, हात मागे बांधून. तोच सदरा. कोपरावर तेच ठिगळ. छातीवर बिल्ला. भर उन्हात तो घामेजलेला नव्हता.

"लावलंस?" त्याने विचारलं.

तिने वर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात सगळं एकदम उलटं फिरायला लागलं, फिरकी सुटावी तसं. हळू बोल, पोर उठेल. हे त्याने कुठे म्हटलं होतं? त्यांच्याच घरी. पोरीला निजवून ती न्हाणीच्या दाराशी येऊन विचारायची तेव्हा. आतला प्रत्येक शब्द हिच्याच कुठल्यातरी बोलण्याला दिलेलं उत्तर होता. गेले कित्येक दिवस हिने घरात मारलेल्या, उत्तर न आलेल्या हाका...

ती किंचाळली. "उघडा! आत माणूस आहे!"

मीटरवाली धावत आली. तिच्यामागे यार्डातले दोघं-तिघं मदतनीस खलाशी आणि इंजिन घेऊन आलेला ड्रायव्हर. टाकी आता भरायला न्यायची होती, इंजिन जोडायचंच बाकी होतं.

"कोण आहे आत?" मीटरवालीने विचारलं.

"हे! माझे... हे!"

सगळ्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. एक खलाशी खुदकन हसला. "वहिनी, दादा तर तुमच्या शेजारी उभे आहेत."

"उन्हाने झालं असेल," नवरा शांतपणे म्हणाला. त्याने आकड्याकडे बोट केलं. "बिल्ला नाही. माणसं सगळी बाहेर. नियमाप्रमाणे टाकी रिकामी आहे."

नियमाप्रमाणे होतीच. नियम माणसांसाठीच केलेला होता, आणि मोजली तर माणसं पुरेपूर भरत होती. तो शिडी चढला, झाकणाचे बोल्ट पुन्हा आवळले आणि शिशाचं सील ठोकलं. सील लागलं की भरायच्या जागेशिवाय ते तोडायचं नसतं.

"ठोकून तरी बघा!" तिने मीटरवालीचे हात धरले. "तुमच्या पाया पडते. तुम्ही रोज त्यांना हाक मारायचात. एकदा मारा!"

मीटरवालीने पितळी हातोडी घेतली आणि टाकीच्या पोटावर हलकेच वाजवली. रिकाम्या लोखंडाचा लांब आवाज निघाला आणि विरत गेला. तिने कान लावला. "आहेस ना?" तिने हळूच विचारलं.

मीटरवाली ऐकत राहिली. मग तिचा पत्र्यावर टेकलेला तळहात एकदम आखडला. तिने वर, झाकणापाशी उभ्या असलेल्या तपासनिसाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"रिकामी आहे," ती म्हणाली. आणि पुन्हा कुणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता छपरीच्या दिशेने चालू पडली.

इंजिन लागलं. ती टाकीबरोबर धावली, थोडंच, खडीतून, अनवाणी. मग नवऱ्याने मागून तिचा दंड धरला. हात कोरडा होता आणि अजिबात घट्ट नव्हता, तरी सुटेना.

"चल," तो म्हणाला. "पोरगी वाट बघत असेल."

७

घरी नणंदेने तिला बसवलं, पाणी दिलं, भावाला चार शब्द सुनावले. "बघ काय करून ठेवलंस बायकोचं. जरा गोड बोलत जा तिच्याशी." तो म्हणाला, "बोलेन." नणंद गेली.

आणि तो खरंच बोलायला लागला. तिने काही विचारलं नव्हतं, तरी न्हाणीतून आवाज आला, "आहे." मग स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, तिच्या पाठीमागे, "आहे." उच्चार बरोबर होता. पण कोऱ्या वहीत पहिल्यांदा काढलेल्या अक्षरासारखा, फार जपून.

दिवस कलला. पोरगी तिच्या कडेवर होती आणि दाराकडे बघत होती. घरामागून जाणाऱ्या रुळावर मालगाडी येत असल्याचा धडधडाट ऐकू आला. ती मागच्या खोलीत गेली, खिडकी उघडली. भरलेल्या टाक्या एकामागून एक जात होत्या, जड, संथ. तिला शेवटची दिसली, दोन्ही टोकांना ढाल, पोटावर ताजा पांढरा रंग.

भरलेली टाकी. आत श्वासापुरतीही जागा नाही. तिचं शहाणं मन तिला सांगत होतं, तू उन्हात फिरलीस, तू संशयाने खंगलीस, तुझा नवरा पलीकडच्या खोलीत आहे. तिने पोरीचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि गजांना तोंड लावून, फक्त ओठांनी म्हटलं, "अहो, आहात ना?"

चाकं वाजत होती. टाकी खिडकीसमोरून गेली. चाकांच्या ठेक्यात न बसणारं काहीतरी वाजलं, एकदाच. की तिला तसं वाटलं? पोरीने मात्र दोन्ही हात गजांबाहेर पसरले आणि कितीतरी दिवसांनी खिदळून हसली.

मागे फरशीवर पाऊल वाजलं नाही. तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला, पोरीचे हात अलगद आत घेतले आणि खिडकी ओढून घेतली. कडी लागली.

तिने वळून पाहिलं. इतके दिवस कोऱ्या पाटीसारखा असलेला तो चेहरा आता तसा नव्हता. ओठ आवळलेले, नाकपुड्या किंचित फुगलेल्या, डोळे तिच्या तोंडावर खिळलेले. हा चेहरा तिला नवा नव्हता. गेले कित्येक दिवस आरशात ती हाच चेहरा बघत आली होती.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.